अभिप्रायाचा अधिकार

स्नेह्याच्या घरी जेवावयास जावे, आमटीत मीठ अधिक पडलेले असावे, आणि नेमके त्याच वेळी यजमानीणबाईंनी "स्वयंपाक कसा झाला आहे?" असे विचारावे, हा प्रसंग ज्याच्यावर आला नाही असा मनुष्य विरळा. ह्या प्रश्नाचे उत्तर काय द्यावयाचे हे प्रत्येकास ठाऊक असते, आणि ते उत्तर खरे नसते हेही प्रत्येकास ठाऊक असते. तरीही त्यास आपण असत्य भाषण मानीत नाही. कारण विचारणारीने मिठाची चौकशी केलेलीच नसते. पाहुणे आपल्या घरी सुखाने जेवले ना, एवढेच तिला जाणून घ्यावयाचे असते. पण समजा, त्याच बाईंनी पाककला शिकावयास घेतली आहे, आणि "काय चुकले ते स्पष्ट सांगा" म्हणून चार स्नेह्यांना मुद्दाम बोलाविले आहे. आता मात्र "उत्तम!" हे उत्तर सौजन्याचे राहत नाही, ते फसवणुकीच्या जवळ जाऊन बसते. आमटी तीच, शब्दही तोच. परंतु प्रश्न बदलताच उत्तराचे नीतिमूल्य बदलले. स्नेह्यांच्या कृतीविषयी अभिप्राय देण्याचा सगळा पेच ह्या लहानशा बदलात साठविलेला आहे, असे आम्हांस वाटते. गेली काही वर्षे हौशी छायाचित्रणाच्या एका घरगुती उपक्रमात भाग घेत असता ह्या पेचाने आम्हांस पुष्कळ सतावले, आणि एकदा तर त्यापायी एका स्नेह्यास आम्ही मुकण्याच्या बेतात होतो. त्या अनुभवाच्या आधारे येथे थोडा विचार करावयाचा आहे.

उपक्रमाची हकीकत थोडक्यात अशी. नोएडा हे नगर १९७६ साली यमुनेच्या पूर्वेस औद्योगिक वसाहत म्हणून जन्मास आले. त्याचे नावसुद्धा एका प्राधिकरणाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरे जुळवून केलेले. मूळच्या खेड्यांतील रहिवासी वगळले तर येथे बहुतेक सारेच बाहेरून आलेले. सेक्टरांचे आकडे हेच आमचे पेठांचे आणि आळ्यांचे पत्ते. अशा ठिकाणी मराठी माणसे परस्परांस सापडतात ती गणपतीच्या दिवसांत, आणि सापडली म्हणजे काहीतरी निमित्त काढून ती ओळख टिकवू पाहतात. आमचे निमित्त छायाचित्रणाचे निघाले. दहा-बारा मंडळी: कोणी सरकारी नोकर, कोणी बँकेतून निवृत्त झालेले, एक शिक्षिकाबाई, दोन-तीन संगणकाच्या धंद्यातील तरुण. दर महिन्यास एक विषय ठरतो. प्रत्येकाने त्या विषयावर एकच छायाचित्र काढून, छापून आणावयाचे. महिन्याच्या अखेरच्या रविवारी एकाच्या घरी ती सारी भिंतीवर लावावयाची, आणि चहापोहे होत असता प्रत्येकाने प्रत्येकाच्या चित्राविषयी बोलावयाचे. क्रमांक नाहीत, बक्षिसे नाहीत. "स्नेहभाव आणि स्पष्टपणा" ही दोन तत्त्वे पहिल्याच बैठकीत सर्वानुमते संमत झाली. ती एकाच वेळी पाळता येतात की नाही, हा प्रश्न त्या दिवशी कोणास सुचला नाही.

पहिले वर्षभर त्यांपैकी स्नेहभावाचेच पालन झाले. "फारच सुरेख", "काय प्रकाश साधला आहे!", "डोळ्यांचे पारणे फिटले" — असे अभिप्राय चहाच्या कपांबरोबर फिरत. ह्या स्तुतीचे स्वरूप आपल्याकडच्या आहेरासारखे होते. लग्नकार्यात आलेला आहेर वहीत टिपून ठेवतात, आणि पुढे देणाऱ्याच्या घरी कार्य निघाले म्हणजे तेवढ्याच किमतीचा परत करतात. त्या वस्तूचा उपयोग काय, हे घेणाराही पाहत नाही आणि देणाराही पाहत नाही. संबंध राहिला एवढे पुरे असते. आहेरास आमचा विरोध नाही. त्याने समाज एकत्र बांधला जातो. पण आहेराच्या वहीवरून कोणास स्वतःच्या संसाराची खरी स्थिती समजत नाही, तद्वत् ह्या वाहवेवरून आपले चित्र कसे आहे हे आम्हांपैकी कोणास कळेना. वर्षअखेर आम्ही आपली बारा चित्रे ओळीने मांडून पाहिली. पहिल्या महिन्यातील दोष बाराव्या महिन्यातही तसाच सुखरूप होता.

हे चित्र पालटले ते २०२२ सालच्या ऑगस्टमध्ये. त्या महिन्याच्या २८ तारखेस, रविवारी दुपारी अडीच वाजता, नोएडाच्या सेक्टर ९३-अ मधील दोन उत्तुंग इमारती सुरुंग लावून पाडण्यात आल्या. नियमबाह्य बांधकाम म्हणून त्या पाडाव्यात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने वर्षभरापूर्वी दिला होता. उंची सुमारे शंभर मीटर, म्हणजे कुतुबमिनाराहून अधिक. त्यांच्या पोटात सुमारे ३,७०० किलोग्रॅम स्फोटके भरलेली. काही सेकंदांत त्या गुडघे टेकल्यासारख्या खाली बसल्या आणि धुळीचा डोंगर वर उठला. आमचा त्या महिन्याचा विषय होता "क्षण". साहजिकच आम्हां सर्वांचे कॅमेरे एकाच दिशेस वळलेले होते. कोणी लांबच्या गच्चीवरून, कोणी पुलावरून. सप्टेंबरच्या बैठकीत एकाच घटनेची नऊ चित्रे भिंतीवर लागली. ती पाहताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. विषय सर्वांचा एक, क्षण एक, धूळही एकच. तेव्हा एका चित्रात आणि दुसऱ्यात जो काही भेद होता तो सारा काढणाराचा होता. आजवर आम्ही ज्यास चित्राचा गुण म्हणत आलो होतो तो कित्येकदा केवळ विषयाचा गुण होता. ताजमहालाचे चित्र सुंदर आहे असे म्हणताना आपण बहुधा शाहजहानाची स्तुती करीत असतो.

आमचे चित्र त्या दिवशी सर्वांस आवडले. मनोरे अर्धे कोसळलेले, धूळ उठू लागलेली, कडा स्वच्छ, आकाशाचा निळा रंग गडद. वाहवा झाली. मग पाळी आली ती बँकेतून निवृत्त झालेल्या वडीलधाऱ्या स्नेह्यांची. पक्ष्यांचे त्यांना वेड. हिवाळ्यात पहाटेपासून ओखल्याच्या पक्षी अभयारण्यात ठाण मांडून बसणारा हा माणूस एरवी मितभाषी. ते चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "चित्र निर्दोष आहे. पण ह्यात तुम्ही कुठे आहात ते मला सापडत नाही. उद्याच्या वर्तमानपत्रात हे कोणाच्याही नावावर छापता येईल." शेजारीच एका तरुणाचे, थोडे हललेले चित्र लागले होते. त्यात मनोरे जवळजवळ नव्हतेच. गच्चीच्या कठड्याशी उभ्या असलेल्या एका पहारेकऱ्याने कान हातांनी झाकून घेतले होते आणि त्याचे डोळे मात्र विस्फारलेले होते. त्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हा मुलगा तेथे होता."

आम्ही हसून मान डोलाविली, आणि पुढचा महिनाभर ते वाक्य मनात घोळवीत राहिलो. राग आला, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. आणि त्या रागाचे आम्हांस नवल वाटले. कारण दोष दाखविले जाण्याची सवय आमच्याइतकी कोणास असेल? आमची उपजीविका केंद्र सरकारच्या कचेरीत मसुदे आणि टिपणे लिहिण्यावर चालते. आम्ही लिहिलेला मसुदा वर जातो, तेथे त्यावर शाईने काटछाट होते, कधी सबंध परिच्छेद उडतो, कधी आमचेच मूळ वाक्य तिसऱ्या फेरीत साहेबांचे म्हणून परत येते. आणि आम्ही ते निर्विकारपणे पुन्हा लिहून काढतो. तेथे मन दुखावत नाही, ह्याचे कारण तो मसुदा आमचा नसतोच. तो कचेरीचा असतो. छायाचित्राचे तसे नाही. ते सुटीच्या दिवशी, कोणी सांगितले नसता, पदरचे पैसे खर्चून, केवळ आवडीपोटी काढलेले असते. धंदेवाईकास आपल्या कामात आणि आपल्यात अंतर राखता येते. ते राखण्याबद्दलच त्याला पैसे मिळतात. हौशी माणसाजवळ ते अंतर नसते. त्याच्या कृतीवर ठेवलेले बोट थेट त्याच्या अंगास लागते. लोक समजतात की हौशी कामावर टीका करणे सोपे, कारण त्यात कोणाचे पोट अडकलेले नाही. आमचा अनुभव नेमका उलट आहे. त्यात पोट नसते म्हणूनच सबंध माणूस असतो.

राग आला की माणूस तत्त्वज्ञानाचा आश्रय घेतो. आम्हीही मनाशी म्हटले, "ही तर आवडीनिवडीची गोष्ट. त्यांना पहारेकरी आवडला, आम्हांस मनोरे आवडले. ह्यात खरेखोटे ते काय?" ही भूमिका सोयीची असली तरी टिकणारी नाही. डेव्हिड ह्यूम ह्या स्कॉटिश तत्त्ववेत्त्याने १७५७ साली प्रसिद्ध केलेल्या अभिरुचीवरील निबंधात "डॉन किहोटे" ह्या कादंबरीतील एक गोष्ट घेतली आहे. मद्याची पारख असलेल्या दोघा आप्तांना एका पिंपातील मद्य चाखावयास दिले. एक म्हणाला, उत्तम आहे, परंतु किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, उत्तम आहे, परंतु किंचित लोखंडाची चव लागते. लोकांनी दोघांचीही थट्टा केली. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा त्याच्या तळाशी एक जुनी किल्ली निघाली, तिला चामड्याची वादी बांधलेली! अभिप्राय खरा असू शकतो तो ह्या अर्थाने. त्याच्या तळाशी काही वस्तू असते, जी इतरांस दाखविता येते. आपल्याकडे मर्ढेकरांनीही हाच मार्ग धरला. आकाशवाणीच्या नोकरीत असलेला आणि १९५६ साली दिल्लीतच निवर्तलेला हा कवी "सौंदर्य आणि साहित्य" ह्या ग्रंथात सौंदर्यास केवळ मनाची लहर मानावयास तयार नाही. संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयींच्या तत्त्वांवर तो ते बसवितो. त्यांचा सिद्धांत कोणास संपूर्णपणे पटो वा न पटो. छायाचित्रासमोर उभे राहून "येथे समतोल ढळला आहे" असे म्हणणारा माणूस निदान कोठे पाहावे हे तरी सांगत असतो, आणि पाहिल्यावर आपण त्याच्याशी सहमत होऊ किंवा भांडू शकतो. "मला आवडले नाही" ह्यावर भांडताही येत नाही.

ह्या कसोटीवर घासून पाहिले तर आमच्या वडील स्नेह्यांचा अभिप्राय खरा ठरत होता. किल्ली त्यांनी शेजारच्या चित्रात बोट ठेवून दाखविलीच होती. ती आम्हांस त्याच दिवशी दिसली होती. दिसली म्हणूनच राग आला. आणि ह्या रागाने पुढे जे करविले ते सांगावयास आम्हांस लाज वाटते; पण ते सांगितल्यावाचून हा निबंध लिहिण्याचा अधिकार आम्हांस पोचत नाही.

पुढच्या जानेवारीत, २०२३ साली, विषय होता "एकांत". वडील स्नेह्यांनी ओखल्याच्या पाणथळीतील एक राखी बगळा आणला होता. धुके, स्तब्ध पाणी, एका पायावर उभा असलेला पक्षी. मात्र त्याच्या मागे, दूरवर, विजेच्या तारांचा एक लोखंडी मनोरा होता आणि तो नेमका बगळ्याच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसत होता. छायाचित्रणातील हा प्राथमिक दोष. आम्ही म्हणालो, "बगळ्याने एकांतातही अँटेना लावलेली दिसते, एकटेपणा सोसवेना वाटते!" सगळे हसले. हशा थांबेना. वडील स्नेहीही किंचित हसले, चित्र भिंतीवरून उतरविले, पिशवीत घातले. फेब्रुवारीच्या बैठकीस ते आले नाहीत, मार्चमध्येही नाही. "थंडी बाधली आहे", "मुलाकडे जावयाचे आहे" असे निरोप येत राहिले.

आता प्रश्न असा: आम्ही खोटे काय बोललो? मनोरा तेथे होता. तो दाखविता येत होता. ह्यूमची किल्ली आमच्याही अभिप्रायाच्या तळाशी होती. मग आमचे चुकले कोठे?

न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. तत्त्वाचा निर्णय व्हावा म्हणून चालते तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा पाडावयाचा ती वितंडा. चरकसंहितेतही वैद्यांच्या आपसांतील चर्चेचे असेच दोन भेद केले आहेत: सलोख्याची ती संधाय संभाषा आणि लढाईची ती विगृह्य संभाषा. ह्या शास्त्रकारांची सूक्ष्मता अशी की त्यांनी चर्चेचे भेद बोलण्याच्या विषयावरून केले नाहीत. ते मुख्यतः तिच्या हेतूवरून आणि रीतीवरून केले. एकच वाक्य वादात शोभेल आणि जल्पात शस्त्र होईल. आमचे वाक्य जल्पातील होते. सप्टेंबरचा हिशेब आम्ही जानेवारीत चुकता केला होता.

ह्यावर कोणी म्हणेल, हेतू वाईट असला म्हणून विधान खोटे ठरत नाही. मनोरा मनोराच राहतो. हे खरे आहे, आणि आम्ही स्वतःची समजूत काही दिवस अशीच घातली. पण अधिक विचार करता ह्या युक्तिवादातील उणीव ध्यानात आली. वाईट हेतूने विधान खोटे होत नसेल. परंतु पाहणे अपुरे राहते. जो माणूस शस्त्र शोधावयास आलेला असतो, त्याचा शोध शस्त्र हाती लागताच संपतो. तो मनोरा दिसला त्या क्षणी आम्ही त्या चित्राकडे पाहणे थांबविले होते. त्याच्या पाण्यातील प्रतिबिंबात बगळा होता आणि मनोरा धुक्याने पुसला गेला होता. खालच्या अर्ध्या चित्रात खरोखरीच एकांत होता. ही गोष्ट आमच्या तेव्हा डोळ्यांपुढे असूनही दिसली नाही. जो उदासीन नव्हे तर सद्भावाने पाहतो, त्याला दोषही दिसतो आणि त्या दोषापलीकडचेही दिसते. तेव्हा स्नेह आणि सत्य ह्यांत विरोध आहे, ही समजूतच मुळात चुकीची म्हणावी लागेल. स्नेह हा पाहण्याच्या चिकाटीचे दुसरे नाव आहे. आणि चिकाटीवाचून सत्य निम्मेच हाती लागते. खोटी स्तुती करणारा आणि वर्मी घाव घालणारा हे दोघे परस्परविरुद्ध वाटतात; वस्तुतः दोघांनीही चित्राकडे नीट पाहिलेले नसते.

परंतु सद्भाव असला म्हणजे कोणीही, केव्हाही, कोणाचेही दोष सांगत सुटावे काय? येथे आम्हांस बौद्ध संघातील एक जुनी रीत फार मोलाची वाटते. वर्षावासाचे तीन महिने एकत्र राहिलेले भिक्षू अखेरीस "पवारणा" नावाचा विधी करीत. प्रत्येक भिक्षूने संघासमोर येऊन विनंती करावयाची, की माझ्या वर्तनात आपणांस काही दोष दिसला असेल, ऐकिवात आला असेल, किंवा त्याविषयी शंका असेल, तर मजवर दया करून तो सांगावा. दिसून आल्यास मी सुधारीन. आणि सांगणाऱ्यावरही बंधने होती: योग्य वेळी सांगावे, खरे असेल ते सांगावे, मृदुपणाने सांगावे, हिताचे असेल ते सांगावे, आणि द्वेष मनात न ठेवता मैत्रीने सांगावे. ह्या रीतीतील मर्म असे की दोष सांगण्याचा अधिकार सांगणाऱ्याच्या विद्वत्तेतून निघत नाही. तो ऐकणाऱ्याच्या आमंत्रणातून निघतो. सर्वांत वृद्ध भिक्षूही ही विनंती करी, त्यामुळे ती करण्यात लाजण्यासारखे काही उरत नसे. आमच्या उपक्रमात "स्पष्टपणा" हे तत्त्व संमत झाले होते. आमंत्रण मात्र कोणी कोणास दिले नव्हते. तत्त्वास मान्यता देणे निराळे आणि "माझे सांगा" म्हणणे निराळे.

ह्या आमंत्रणाच्या नियमास एक अपवाद आम्हांस मान्य करावा लागतो. एका बैठकीत एका तरुणाने बांधकामावरील मजूर बाईचे चित्र आणले होते. तिचे तान्हे मूल विटांच्या ढिगाजवळ लुगड्याच्या झोळीत निजलेले, आणि ती पदराने तोंड पुसत असलेली. रचना उत्कृष्ट होती. आम्ही छायाप्रकाशाची चर्चा करीत असता शिक्षिकाबाईंनी एवढेच विचारले, "त्या बाईंना विचारले होते का हो?" तरुणास वाईट वाटले, हे निमंत्रणाबाहेरचे आहे असेही कोणी म्हणाले. परंतु आमच्या मते बाईंचे म्हणणे योग्यच होते. चित्राचा कलादोष हा काढणाराचा स्वतःचा मामला. तो सांगावयास त्याचे आमंत्रण लागते. चित्रामुळे तिसऱ्या कोणाचा अवमान होत असेल तर ते सांगण्याचा अधिकार त्या तिसऱ्याकडून मिळतो, आणि ती व्यक्ती त्या खोलीत नसते म्हणूनच कोणीतरी तिच्या वतीने बोलावे लागते. मित्रमंडळांस हे बोलणे रुचत नाही, ही गोष्ट नवी नव्हे. १८५६ साली कलकत्त्यास छायाचित्रणाच्या हौशी मंडळींची जी संस्था निघाली, तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांत राजेंद्रलाल मित्र हे विद्वान होते. १८५७ साली त्यांनी निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमाविरुद्ध एका सभेत भाषण केले, आणि त्यावरून संस्थेतील यूरोपीय सभासदांचा रोष होऊन त्यांना संस्थेतून काढण्यात आले. भाषणाचा छायाचित्रणाशी संबंध नव्हता. पण जे मंडळ आपल्या खोलीबाहेरच्या माणसाचे दुःख खोलीत येऊ देत नाही, त्याच्या स्नेहभावाची किंमत किती, हे त्या घटनेने दाखवून दिले आहे.

देण्याचा विचार झाला, आता घेण्याचा. अभिप्राय देणे ही कला असेल तर घेणे हे व्रत आहे. त्यातील पहिला नियम, ऐकत असता उत्तर तयार करू नये. चित्राचा बचाव करू लागलेला माणूस ऐकत नसतो. तो आपली पाळी येण्याची वाट पाहत असतो. दुसरा नियम, घेणे म्हणजे मानणे नव्हे. अन्सेल ॲडम्स ह्या अमेरिकन छायाचित्रकाराने १९४१ साली न्यू मेक्सिकोतील एका खेड्यावर उगवलेल्या चंद्राचे चित्र टिपले, आणि पुढील कित्येक वर्षे तो त्याच एका मूळ टिपणावरून नव्याने प्रती काढीत राहिला; उत्तरकाळच्या प्रतींत आकाश अधिकाधिक काळे होत गेलेले दिसते. मूळ टिपण म्हणजे संगीताची लिहिलेली लिपी आणि छापलेली प्रत म्हणजे तिचे गायन, असे तो समजे. ज्याला आपली कृती अशी पुन्हा गाता येण्याजोगी वाटते, त्याला दोष ऐकणे जड जात नाही. ज्याला ती संपलेली वाटते त्याला प्रत्येक शब्द मृत्युलेखासारखा लागतो. तिसरा नियम आम्ही आमच्या कचेरीतून घेतला आहे. सरकारी नोकराच्या कामाचा वार्षिक अहवाल पूर्वी गोपनीय असे; त्यातील प्रतिकूल शेरे तेवढे त्यास कळविले जात. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले की चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा ज्याचा त्यास कळविला पाहिजे आणि त्यावर म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. पुढे तशी पद्धतच पडली. ह्यात मोठा न्याय आहे. कारण केवळ दोष कळविणे हेही अर्धसत्यच. आपल्या हातून बरे काय झाले हे ज्यास कोणी नेमके सांगत नाही, तो पुढच्या वेळी दोषाबरोबर गुणही टाकून देतो.

एप्रिलमधील एका संध्याकाळी आम्ही वडील स्नेह्यांच्या घरी गेलो. कसे बोलावे हे वाटेत पुष्कळदा ठरविले होते. दारात ते सारे विसरले. "त्या दिवशी आमचे चुकले," एवढेच म्हणालो. ते म्हणाले, "चुकले कसे? मनोरा होताच. खोटे बोलला असतात तर मी हसून दुसऱ्या महिन्यात आलो असतो. खरे होते, म्हणून तर यावेसे वाटेना." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मी चार पहाटी त्या जागेवर बसलो होतो. बगळा तेथे, प्रकाश तेथे, मनोराही तेथे. पाचव्या दिवशी दोन पावले सरकायला हवे होते. सरकलो असतो तर पक्षी उडाला असता असे वाटले. हे तुम्ही विचारले असते तर सांगितले असते." ह्या अखेरच्या वाक्यावर आम्ही आजतागायत विचार करीत आहो. अभिप्राय देण्यापूर्वी विचारावे, ही गोष्ट सर्व शास्त्रे धुंडाळूनही आम्हांस सुचली नव्हती. चित्रातील प्रत्येक दोषामागे एक निवड असते. ती निवड समजून घेतली म्हणजे दोष नाहीसा होत नाही, पण बोलण्याची भाषा निराळी होते. आम्ही सप्टेंबरातील चित्राविषयीही बोललो. त्यांनी विचारले, "त्या दिवशी तुम्हांला काय वाटत होते?" आम्ही सांगितले की धूळ आपल्या इमारतीवर येते की काय, ह्याची काळजी वाटत होती, आणि घरी वाळत घातलेले कपडे आठवत होते. ते मोठ्याने हसले. "मग ते कपडे काढायचे होते ना!"

त्या वर्षीची कोजागरी २८ ऑक्टोबरला आली. त्या रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होते. त्यामुळे दूध केव्हा आटवावयाचे आणि केव्हा प्यावयाचे, ह्यावर मंडळीत दोन तट पडले. वर्षावासाच्या अखेरची पवारणाही ह्याच आश्विन पौर्णिमेस होत असे, हे आम्ही गच्चीवर सर्वांस सांगितले, आणि प्रथम आपलेच चित्र पुढे ठेवून "ह्यातील दोष सांगावेत, अशी आमची विनंती आहे" असे म्हणालो. म्हणताना आवाज थोडा कापला. तेव्हापासून आमच्या बैठकीचे नियम बदलले आहेत: ज्याला अभिप्राय हवा त्याने मागावा, ज्याला त्या महिन्यात नको असेल त्याने तसे सांगावे, त्याच्या चित्रापुढे आम्ही नुसते उभे राहतो, बोलणाराने आधी काय दिसते ते सांगावे, मग एक प्रश्न विचारावा, मग मत द्यावे, आणि शेवटचा शब्द चित्र काढणाराचा असावा. ह्या नियमांनी आमची चित्रे फार सुधारली आहेत असे म्हणवत नाही. कित्येकदा बोलणे पुन्हा वाहवेवर येते, आणि कधी कोणी दुखावलाही जातो. मात्र दुखावलेला माणूस पुढच्या महिन्यात येतो.

वडील स्नेह्यांनी त्या रात्री ग्रहण लागण्याची वाट पाहत गच्चीच्या कोपऱ्यात तिवई रोवली होती. मध्यरात्र उलटून गेली, बहुतेक मंडळी घरी गेली. कडेस काळिमा लागलेला चंद्र त्यांनी टिपला आणि कॅमेऱ्याच्या मागील पडदा आमच्यापुढे धरून म्हणाले, "सांगा." चौकटीच्या उजव्या कडेला पाण्याच्या टाकीचा एक कोपरा आलेला होता. आम्ही तो पाहिला, आणि विचारले, "ही टाकी आपण मुद्दाम ठेवली आहे का?"